अकरा चाळीसला अठ्ठ्याहत्तर

दवाखान्यात त्याला सगळे वायरवाला म्हणत. एकोणीस वर्षं तो तिथलं नेटवर्क सांभाळत होता, पण बड्या डॉक्टरपासून लिफ्टवाल्यापर्यंत ज्याचा म्हणून कॉम्प्युटर अडला तो एकच विचारायचा, "अरे, तो वायरवाला कुठे उलथला?" वायरवाला तळघरात असायचा. लॉन्ड्रीच्या भिंतीला लागून त्याची खोली, खिडकीचं नाव नाही, भिंत बारा महिने तेरा काळ गरम. त्याला त्याचं काही वाटत नसे. काही बिघडल्याशिवाय आपली आठवण कुणाला होत नाही, हे त्यानं केव्हाच मान्य करून टाकलं होतं.

त्याची थोरली बहीण तिसऱ्या मजल्यावर, हृदयाच्या वॉर्डात मुख्य नर्स होती. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा आणि ताई पंचवीस वर्षांची. तिनं त्याला वाढवलं, दोन-दोन पाळ्या करून शिकवलं, त्याला तिथेच चिकटवलं, आणि या सगळ्यात स्वतःचं लग्न करायचं राहून गेलं. का राहिलं, हे त्यानं कधी विचारलं नाही. उत्तर त्याला माहीत होतं ना! दोन खोल्यांच्या घरात दोघं राहायची, सकाळी एकाच बसनं निघायची. ताईच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, आणि एकतीस वर्षांत तिच्या तक्त्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. ती त्याचा फारसा तोरा मिरवत नसे. पण नवी नर्स आली की तिला पहिल्या दिवशी एवढं सांगायची, "आधी डोळ्यांनी बघायचं, मग लिहायचं. उलटं केलंस तर माझ्याशी गाठ आहे."

तर एका बुधवारी मोठे साहेब, म्हणजे दवाखान्याचे संचालक, स्वतः तळघरात उतरले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. वायरवाल्यानं खुर्ची पुसून पुढे केली, पण ते बसले नाहीत.

"उद्या अकरा ते एक आपल्या थिएटरमधली शस्त्रक्रिया थेट सभागृहात दाखवायची आहे," ते म्हणाले. "बाहेरून चाळीस डॉक्टर येणार आहेत. परवा चाचणी घेतली तर चित्र अडकत अडकत चाललेलं. उद्या तसं झालं तर माझं नाक कापलं जाईल. आणि माझं कापलं गेलं तर तुझं शिल्लक राहील असं समजू नकोस."

"होऊन जाईल, साहेब," वायरवाला म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

आता त्याच्या खोलीतल्या त्या स्विचबद्दल चार शब्द सांगायलाच हवेत, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ती एक लोखंडी पेटी, तोंडावर अठ्ठेचाळीस भोकं, प्रत्येकात एक वायर. दवाखान्यातला प्रत्येक निरोप तिच्यातून जायचा, मग तो फोनवरचा आवाज असो, एक्स-रेचं चित्र असो, की कुणाच्या नाडीचा आकडा. गर्दी झाली की पेटी निरोपांना चार रांगांत उभं करायची. कुणाला कुठल्या रांगेत घ्यायचं आणि कुठली रांग आधी सोडायची, हे वायरवाला ठरवायचा. पहिल्या रांगेला हवी तर सरसकट सूट देता येते: तिच्यात एक जरी निरोप उरला असला तरी बाकीच्या तिन्ही रांगांनी ताटकळत उभं राहायचं. म्हणून तर पहिल्या रांगेला हद्द घालतात, इतकं झालं की थांब, दुसऱ्यांना जाऊ दे. हद्द न घालता पहिली रांग मोकळी सोडायची नाही, असं त्याला काम शिकवणाऱ्या उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं.

उस्तादांची आणखी एक शिकवण होती. नवी सेटिंग लगेच सेव्ह करायची नाही. दिवसभर चालवून बघायची. काही बिनसलं तर स्विच बंद करून चालू करायचा, की सेव्ह न केलेलं सगळं पुसलं जातं आणि जुनं जसंच्या तसं परत येतं. स्विचनं स्वतः ठेवलेल्या नोंदीसुद्धा त्याबरोबर जातात. "आपला हात लागला होता याचा मागमूस राहत नाही बघ!" उस्ताद मोठ्या खुशीत सांगायचे. वायरवाल्यानं ही शिकवण जन्मभर पाळली होती.

गुरुवारी सकाळी आठ वाजता त्यानं थिएटरचं चित्र पहिल्या रांगेत घातलं, शहाण्यासारखी हद्द घातली आणि चाचणी घेतली. चित्र दर दहा सेकंदांनी दचकत होतं. हद्द वाढवली, तरी दचकतंय. साडेदहा वाजले. सभागृहातून साहेबांच्या सेक्रेटरीचा फोन, "झालं का?" पाच मिनिटांनी परत, "झालं का?" शेवटी त्यानं हद्द काढूनच टाकली. चित्र लोण्यासारखं चालायला लागलं.

त्याला आठवलं नाही का? आठवलं की! तिसऱ्या मजल्यावरचे, खाटेशेजारी नाडी मोजणारे मॉनिटर जुने होते. ते आपल्या निरोपावर कसलीच खूण करत नसत, आणि खूण नसलेला निरोप आपोआप शेवटच्या रांगेत जायचा. एरवी वाट रिकामी असायची, त्यामुळे शेवटची रांग असो की पहिली, फरक पडत नसे. त्यांना हातानं वरच्या रांगेत घ्यायचं काम त्याच्या वहीत दोन वर्षं पडून होतं. करू की, करू की, असं म्हणत राहिलेलं. आत्ता करायचं तर बारा खाटांची बारा भोकं एकेक करून बदलायला हवीत, अर्धा तास तरी मोडणार. त्यानं घड्याळाकडे बघितलं. दोन तासांचा तर प्रश्न आहे, असं तो स्वतःशी म्हणाला, आणि चहा प्यायला गेला.

कार्यक्रम झकास झाला. एकच्या सुमाराला साहेबांचा स्वतःचा फोन आला, "शाब्बास!" वायरवाल्याची कॉलर ताठ झाली. सव्वा वाजता त्यानं नेहमीच्या रिवाजाप्रमाणे तिसऱ्या मजल्याला फोन लावला, की स्विच बंद-चालू करतोय, चार मिनिटं पडदा काळा होईल. कुणीतरी नर्स घाईघाईत म्हणाली, "करा काय करायचं ते, इथे आधीच गोंधळ आहे." कसला गोंधळ, हे त्यानं विचारलं नाही. बटण दाबलं, स्विच परत चालू झाला, जुनी सेटिंग आली. आणि सकाळी आठपासूनचं सगळं पुसलं गेलं.

चार वाजता ताई खाली आली. ड्यूटी चालू असताना ती कधी तळघरात येत नसे. आली ती सरळ त्याच्या खुर्चीत बसली. तोंडावरचा रंगच उडालेला.

"सात नंबरचे काका गेले," ती म्हणाली.

सात नंबरचे काका म्हणजे घड्याळदुरुस्ती करणारे म्हातारे. आठवडाभर तिच्या बोलण्यात त्यांचंच नाव. पडल्यापडल्या प्रत्येक नर्सच्या मनगटावरचं घड्याळ तपासायचे. परवाच ताईचं घड्याळ दोन मिनिटं मागे आहे म्हणून त्यांनी तिला फैलावर घेतलं होतं आणि स्वतःच्या हातानं ते लावून दिलं होतं. त्यांची मुलगी रात्रंदिवस उशाशी. मॉनिटरच्या आवाजानं बाबांना झोप लागत नाही म्हणून तिनं आवाज कमी करायला सांगितला, आणि ताईनंच तो कमी केला. बाहेर टेबलावरच्या पडद्यावर बाराही खाटांचे आकडे दिसतात, काळजी नको, असं तिला वर सांगितलं.

"मुलगी औषध आणायला खाली गेलेली. काकांच्या खोलीतल्या मॉनिटरमध्ये नोंद आहे, अकरा छत्तीसला हृदय थांबलं. आणि माझ्या तक्त्यात अकरा चाळीसला माझ्या अक्षरात लिहिलंय, नाडी अठ्ठ्याहत्तर." ताईनं त्याच्याकडे बघितलं. "टेबलावरचा गजर वाजला तो अकरा एकोणपन्नासला. आम्ही धावलो. तेरा मिनिटं झाली होती रे. काय हाती लागणार?"

"घड्याळ मागे असेल तुझं," तो कसाबसा बोलला.

"काकांनीच लावून दिलं होतं ना ते!" ती म्हणाली, आणि तिचा बांध फुटला. "मी बघितलं होतं रे. पडद्यावर अठ्ठ्याहत्तर होतं, मी बघून लिहिलं. मेट्रन बाई म्हणतात, मेलेल्या माणसाची नाडी अठ्ठ्याहत्तर कशी असेल? न बघता लिहिलंस. मी? मी न बघता लिहीन?"

ताईचं बोलणं संपायच्या आत वायरवाल्याला सगळं कळलं होतं. टेबलावरचा पडदा जुना, नवा आकडा येईपर्यंत आधीचा धरून बसणारा. नवा आकडा तळघरात शेवटच्या रांगेत ताटकळत उभा होता, कारण पुढे सभागृहातल्या चाळीस डॉक्टरांचं चित्र चाललेलं होतं. अकरा एकोणपन्नासला कुठे जराशी फट सापडली, तेव्हा तो वर पोचला आणि गजर वाजला. ताईनं बघितलं होतं. अगदी नीट बघितलं होतं.

सांगायचं होतं तेव्हाच. जीभ उचलायची आणि टाळ्याला लावायची, एवढंच काम. पण त्याचं धाबं दणाणलं. आधी नोकरी दिसली, मग पोलीस, मग स्वतःचा पेपरातला फोटो, आणि या सगळ्यामागे कुठेतरी ताई. त्यानं माठातलं पाणी पेल्यात काढलं आणि तिच्या हातात दिलं.

"होईल सगळं ठीक," तो म्हणाला. "पी आधी."

चौकशी मंगळवारी बसली. मोठे साहेब, मेट्रन बाई आणि एक डॉक्टर. ताई एका बाजूला, हात मांडीवर ठेवून. वायरवाल्याला जाणकार म्हणून बोलावणं आलं. चार दिवस त्यानं मनाशी वाक्य घोकलं होतं: साहेब, चूक माझी आहे. आत जाईपर्यंत ते तोंडपाठ होतं.

"नेटवर्कमध्ये त्या वेळेला काही बिघाड होता का?" डॉक्टरांनी विचारलं.

साहेब त्याच्याकडे बघत होते. त्या नजरेत धमकी नव्हती हो, तेवढी सबबसुद्धा नव्हती. त्यांना बिचाऱ्यांना काही माहीतच नव्हतं. त्यांनी चित्र नीट चालव म्हणून सांगितलं होतं, ते चाललं होतं.

"तशी नोंद काही नाही," वायरवाला म्हणाला.

वाक्य अक्षरशः खरं होतं. नोंद नव्हतीच, त्यानंच बटण दाबून पुसली होती. असली लबाड खरी वाक्यं माणसाला ऐन वेळी बरोबर सुचतात! डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्याला जायला सांगितलं. ताईनं मान वर केली नाही. सगळं खापर तिच्या माथी फुटलं, आणि फोडणारा दार हळूच लोटून बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी तिच्यापुढे कागद आला. 'मी पडदा न पाहता नोंद केली.' सही केलीस तर वेळेआधी निवृत्ती, पोलिसांपर्यंत जाणार नाही. नाही केलीस तर जाईल. तिनं सही केली. शुक्रवारी ती एकटीच काकांच्या मुलीकडे गेली, तिच्यासमोर हात जोडले आणि सांगितलं, "मी बघितलं नाही, बाळा. मला माफ कर." घरी येऊन तिनं हे भावाला सांगितलं. भाऊ ताटावरून मान वर न करता जेवत राहिला.

तेवढ्यावर थांबलं असतं तर एक वेळ त्यानं निभावलं असतं, इतका तो निर्ढावत चालला होता. पण ताईचं काहीतरी बिनसलं. गॅस बंद केला की परत जाऊन बघायची, मग परत. पाच-पाच वेळा. कुलूप लावून जिना उतरायची आणि परत चढायची. एरवी घड्याळात न बघता वेळ सांगणारी बाई, मनगट त्याच्यापुढे धरून विचारायला लागली, "किती वाजले रे? तू सांग. मला नक्की कळत नाही." दिवसातून दहा वेळा. आणि तो सांगायचा. सव्वानऊ, ताई. पावणेबारा, ताई.

आठवड्यानंतरच्या शनिवारी सकाळी ती भाजी निवडत होती. मान खाली घालूनच म्हणाली, "आता मला आठवतंय. दहा चाळीसलाही अठ्ठ्याहत्तरच लिहिलं होतं मी. तोच आकडा खाली उतरवला असणार. बघितलंच नव्हतं बहुतेक."

"तू बघितलं होतंस!" तो एकदम ओरडला.

"तुला काय माहीत? तू कुठे होतास?" ती शांतपणे म्हणाली. "मला स्पष्ट आठवतंय, मी मानच वर केली नव्हती."

वायरवाल्याला बसवेना. ती खोटं बोलत नव्हती, तिला खरंच तसं आठवत होतं. त्यानं तिची नोकरी घालवली होती, नाव घालवलं होतं, आणि आता तिचे डोळेसुद्धा काढून घेतले होते. तो उठला आणि चपला घालून दवाखान्यात गेला. भंगारच्या खोलीतून त्यानं तिसऱ्या मजल्यावरचा एक बाद मॉनिटर उचलला, एक जुना स्विच, तीन टाकाऊ कॉम्प्युटर, आणि रिक्षात घालून घरी आणले.

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर त्यानं सगळं मांडलं. ताई ओट्यापाशी उभी राहून बघत होती.

"हे काय रे आता?"

"बस इथे. काही बोलू नकोस, नुसतं बघ."

मॉनिटर टेबलाच्या एका टोकाला, एका कॉम्प्युटरवर ताईच्या वॉर्डातल्यासारखा पडदा दुसऱ्या टोकाला, मध्ये स्विच. मॉनिटरचा चिमटा त्यानं स्वतःच्या बोटाला लावला. दोन्हीकडे आकडा उमटला, एकशे चार. "केवढी धडधड ही," ताई सवयीनं म्हणाली. मग त्यानं दुसऱ्या दोन कॉम्प्युटरवरून एक मोठं चित्र स्विचमध्ये सोडलं, पहिल्या रांगेत, हद्द न घालता. आणि बोटाचा चिमटा काढून टेबलावर ठेवला.

मॉनिटर केकाटायला लागला. त्याच्यावर आकडा नव्हता, नुसती रेघ. दुसऱ्या टोकाच्या पडद्यावर एकशे चार.

एक मिनिट गेलं. एकशे चार. दोन मिनिटं. ताईनं चिमट्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. उठून पडद्याजवळ गेली, चष्मा वर करून, अगदी नाक लावून बघितलं.

"हा हलत का नाही?"

मग त्यानं सांगितलं. रांगा सांगितल्या, चित्र सांगितलं, हद्द काढली ते सांगितलं, वहीतलं दोन वर्षांचं काम सांगितलं, सव्वा वाजता दाबलेलं बटण सांगितलं. मॉनिटर केकाटत होता, तो बंद करायचं दोघांनाही सुचलं नाही.

"म्हणजे अठ्ठ्याहत्तर होतं," ती म्हणाली.

"होतं."

"मी बघितलं होतं."

"बघितलं होतंस, ताई."

ती मटकन खाली बसली. दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि रडली, आई गेली तेव्हाही तिला असं रडताना त्यानं पाहिलं नव्हतं. त्याला वाटलं, सुटलो. खरंच वाटलं त्याला तसं. तो तिच्या शेजारी बसायला वाकला, तेवढ्यात तिनं हात खाली घेतले. डोळे पुसले. एकतीस वर्षं नर्स असलेल्या बाईनं मग जे विचारायचं तेच विचारलं.

"तुला हे कधी कळलं?"

काल, म्हणता आलं असतं. काल रात्री विचार करता करता उमगलं, असं म्हणता आलं असतं, आणि तिनं विश्वासही ठेवला असता. नोंद तर कुठेच नव्हती.

"त्याच दिवशी," तो म्हणाला.

"किती वाजता?"

"चार वाजता. तू खाली आलीस तेव्हा."

"मी रडत होते," ती म्हणाली. "तू मला पाणी दिलंस."

त्यानं मान हलवली.

"चौकशीत तू समोर होतास. त्या शुक्रवारी मी त्या पोरीसमोर हात जोडून आले, तेव्हा तू इथे बसून जेवत होतास." तिचा आवाज चढला नाही. "ती पोरगी मला काय म्हणाली, ठाऊक आहे? म्हणाली, सिस्टर, तुम्ही कशाला, आवाज कमी करायला मीच सांगितला, मीच मारलं बाबांना. हे मी तुला सांगितलं नव्हतं. तुला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नव्हतं."

"ताई..."

"उचल हे सगळं."

"कुठे न्यायचं?"

"तिच्या घरी. तिच्या टेबलावर मांड, तिला दाखव, आणि मला सांगितलंस ते तिला सांग. सगळं. पाणी दिलंस तेसुद्धा. उद्या साहेबांना."

"ताई, मला अटक होईल."

"होईल," ती म्हणाली, आणि चपला शोधायला गेली.

त्यानं मॉनिटर बंद केला. घर एकदम शांत झालं. तो वायरी गुंडाळायला लागला. लांब वायर गुंडाळताना दुसरं टोक नेहमी ताई धरायची. त्यानं टोक हातात धरून वर बघितलं, तर ती दारात उभी होती, पाठ करून, खांद्याला पर्स. त्यानं ते टोक खुर्चीच्या पायाला अडकवलं आणि एकट्यानंच गुंडाळलं.

स्विच काखेत मारून, मॉनिटर कवटाळून तो दाराशी आला. ताईनं मनगट वर केलं. दहा दिवसांच्या सवयीनं तो वाकून घड्याळात बघायला गेला.

"पावणेपाच, ताई."

"तुला विचारलं नाही मी," ती म्हणाली. तिनं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं आणि स्वतः बघितलं. "चार त्रेचाळीस. चल, जिना उतर आधी. कुलूप मी लावते."